हार घातलेली, पण न फिरलेली गाडी



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७, ८ आणि ९.

अठराव्या अध्यायाची सुरुवातच अर्जुनाच्या प्रश्नाने होते. संन्यास म्हणजे नेमकं काय आणि त्याग म्हणजे काय, हे मला वेगवेगळं सांग, असं तो विचारतो. भगवंत नुसती व्याख्या देऊन थांबत नाहीत. त्यागाचे तीन प्रकार सांगतात, आणि त्यातले दोन नाकारतात.

आजच्या तीन श्लोकांचा भाव थोडक्यात असा. आपल्या वाट्याला आलेलं कर्म मोहामुळे सोडलं, तर तो तामस त्याग. त्रास होईल, देहाला कष्ट पडतील म्हणून सोडलं, तर तो राजस त्याग; त्यातून त्यागाचं फळ मिळत नाही. आणि हे करायलाच हवं म्हणून कर्म केलं, पण त्यातली आसक्ती आणि फळाची अपेक्षा सोडली, तर तो सात्त्विक त्याग.

म्हणजे गंमत बघा. पहिल्या दोन त्यागांत काम सुटतं आणि 'मी' शिल्लक राहतो. तिसऱ्यात काम होतं आणि 'मी' सुटतो. मराठीत आपण 'टाकणं' आणि 'सोडणं' असे दोन शब्द वापरतो. ते एकच नाहीत, हे या श्लोकांनी मला नीट दाखवलं.

सध्या हा प्रश्न माझ्यासमोर अक्षरशः उभा आहे, डबल स्टँडवर. माझ्या काकांची येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची, टू-स्ट्रोक, एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. तिची एक खासियत म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच. तोच दांडा फिरवून किक मारायची आणि तोच पायाखाली घेऊन गिअर टाकायचे. तो कारखाना १९९६ सालीच बंद पडला. काका जाऊन नऊ वर्षं झाली. या वर्षी साताऱ्याकडच्या घराची दुरुस्ती निघाली, पडवी रिकामी करायची होती, आणि काकू म्हणाली, "ही आता तू बघ."

या नऊ वर्षांत त्या गाडीवर कोणाचं प्रेम नव्हतं असं नाही. दर पावसाळ्याआधी ताडपत्री बदलली जायची. दर दसऱ्याला ती पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूचा हार घालून तिची पूजा व्हायची. "ती काकांची गाडी आहे" म्हणून कोणी तिला हात लावत नसे.

इथेच आजचा प्रश्न आहे. हात न लावणं म्हणजे आदर का?

गाडी वापरली नाही म्हणजे ती झिजली नाही, असं होत नाही. उलट, उभ्या गाडीचं नुकसान वेगळ्याच तऱ्हेचं असतं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. पायलट जेटचं बारीक भोक त्याने बुजतं. टाकीत आतून गंज धरतो. क्रँकच्या बाजूची रबरी ऑइल सील कडक होतात, मग तिथून हवा आत ओढली जाते, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं आणि इंजिन नको तितकं तापतं. टायरकडे पाहिलं तर नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूच्या रबराला चिरा. वरून बघणाऱ्याला वाटावं की जपून ठेवलीय.

तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की कर्म केल्याशिवाय साधी शरीरयात्राही चालत नाही. देहाचं जे, तेच यंत्राचं. ज्याचा धर्म फिरणं आहे, त्याला थांबवून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. हा तामस त्याग ओळखायला फार अवघड, कारण तो भक्तीचा पोशाख घालून येतो. त्यात आळस दिसत नाही, दुःख दिसतं. आणि दुःखाला कोण प्रश्न विचारणार? मी कोणाला दोष देत नाहीये. ज्या घरातून माणूस गेला, त्या घरात त्याच्या गाडीवर ताडपत्री टाकणं हे त्या वेळी शहाणपणाचंच असतं. पण शोकाची सोय आणि स्मृतीची सेवा यांत फरक आहे, आणि तो फरक कधीतरी कोणीतरी करावा लागतो.

दुसरा मार्ग आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच आला. "कशाला व्याप? भंगारात देऊन टाक." यातलं व्यवहारज्ञान खोटं नाही. सुटे भाग शोधावे लागतात. कागदपत्रं वेगळीच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम आहे. आता एवढ्या वर्षांनी ते सगळं रीतसर निस्तरावं लागणार. पण नीट ऐकलं तर "देऊन टाक" म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात गाडीचा विचार कमी आणि त्रासाचा जास्त होता. भगवंतांनी बोट ठेवलंय ते तिथेच. विकणं वाईट नाही. फक्त त्रास टाळण्यासाठी विकून वर "मी मोह सोडला" म्हणणं, हे खोटं.

मग तिसरा मार्ग. तो ऐकायला उदात्त वाटतो, प्रत्यक्षात हात काळे करणारा आहे.

गावातले जुने मेकॅनिक पहिलं वाक्य बोलले ते असं : "किक मारू नका." आपल्याला वाटतं, चालू होते का ते आधी बघू. पण आत गंज असेल तर जोर लावल्याने पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात. म्हणून आधी प्लग काढायचा, भोकातून थोडं ऑइल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, मग दांडा हाताने अलगद दाबून इंजिन फिरतंय का ते बघायचं. जेट साफ करताना तार घालायची नाही, भोक मोठं होतं, हवेने फुंकायचं. टाकी उतरवून, धुऊन, वाळवून. पॉईंट घासून गॅप लावायचा. सील बदलायची. मग ताजं पेट्रोल, त्यात लिटरमागे साधारण ३० ते ४० मिली ऑइल. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. जुनी सिस्टिम बंद पडलीय म्हणून कोणी थेट रीस्टार्ट मारत नाही, आधी लॉग वाचतो.

चार वीकेंड गेले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, त्यात ते 'विकर्म' शब्दाचा सुंदर अर्थ सांगतात : बाहेरच्या कर्माला आतून मिळालेली चित्ताची जोड. जेट फुंकताना तो अर्थ मला कळला, असं म्हणायला हरकत नाही. मन दुसरीकडे असेल तर ते भोक साफ होतच नाही.

पण आसक्तीचं काय? इथे खरी परीक्षा होती, आणि ती इंजिनाची नव्हती. काम सुरू करण्याआधी मी काकूला विचारलं, "चालू केली तर तुला चालेल ना?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कर. पण चालू करशील तेव्हा आधी सांग. एकदम आवाज नको." त्या आवाजाने तीस वर्षं काका घरी यायचे. माझ्यासाठी जी लहानपणाची मजेदार आठवण, ती तिच्यासाठी दारात आलेलं माणूस आहे. मग ही दुरुस्ती कोणासाठी? माझी हौस म्हणून, की गाडीचं जे करायला हवं ते करायचं म्हणून?

म्हणून मी तिला सांगितलं की गाडी चालती करून देतो, पुढे ती कोणाकडे जाईल ते तू ठरव. तिचा भाचा शेतावर वापरेन म्हणतोय. पुण्याच्या गर्दीत रोज जुन्या टू-स्ट्रोकचा धूर सोडणं मलाही पटत नाही. हे एकदा ठरल्यावर काम कमी झालं नाही, हलकं झालं. फळ सोडल्यावर काम ढिलं पडेल अशी भीती आपल्याला वाटते. अनुभव उलटा आला.

गेल्या रविवारी काकूला सांगून किक मारली. बाराव्या-तेराव्या किकला इंजिन बोललं. निळा धूर पडवीभर. काकू ओट्यावर बसून दोन-तीन मिनिटं ऐकत होती. मग म्हणाली, "बंद कर आता. पेट्रोल जळतंय उगाच." आणि आत जाऊन चहा टाकला. टायर आणि कागद अजून बाकी आहेत, त्यामुळे गाडी रस्त्यावर आलेली नाही. कोणाकडे जाणार, तेही ठरलेलं नाही. माझ्याकडे राहिली नाही तर वाईट वाटेल का? वाटेल. सात्त्विक त्यागात वाईट वाटत नाही, असं गीता कुठे म्हणते? वाईट वाटलं तरी काम अडू नये, एवढंच.

आजची साधना : आपापल्या घरात हार घातलेली, पण न फिरलेली एक गोष्ट शोधा. लाल कपड्यात बांधलेली ज्ञानेश्वरी, आजीची पेटी, कधीच न लावलेला एखाद्या मावशीचा फोन नंबर. तिला काय हवंय ते आधी बघा, आपल्याला काय वाटतं ते नंतर. पोथी असेल तर आज फक्त कपडा सोडा आणि पाच ओव्या वाचा. पुढचं उद्या.

उद्या श्लोक १० : न आवडणाऱ्या कामाचा द्वेष न करणारा आणि आवडत्या कामात न अडकणारा त्यागी.

राम कृष्ण हरी.