एका तासाची चोरी

आमच्या शेताच्या कडेने एक ओढा जातो. त्याला नाव नाही. बारामतीच्या खालच्या अंगाला तो कऱ्हेला मिळतो, कऱ्हा सोनगावला नीरेला आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंगपुरात, भीमेला. पंढरपुरात हीच भीमा चंद्रभागा होते. म्हणजे आमचा ओढा वारकरीच म्हणायचा. आमच्याकडचा खरा पाऊस परतीचा, म्हणून हा कार्तिकीचा!

या वारकऱ्याची जमीन आमच्या घराण्याने दरसाल एक तास चोरली. तास घड्याळातला नव्हे, नांगराचा. १८८५ साली नीरेचा डावा कालवा झाला, पुढे ऊस आला आणि वीतभर मातीलाही मोल आले. शेजाऱ्याचा बांध कोरला तर कोर्टात खेटे. ओढ्याचा काठ कोरला तर विचारतो कोण? लहानपणी मी विचारले, तेव्हा आण्णा म्हणाले, "आरं, वढ्याला कुठं सातबारा असतोय?"

आण्णा तसे पापभीरू. वाण्याने चुकून जास्त दिलेली चवली त्यांनी चार मैल चालून परत केली होती. पण वाण्याला तोंड होते. तोंड असलेल्याचे घेतले की चोरी, नसलेल्याचे घेतले की मशागत! पुढे मीही तीच मशागत केली. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, एवढाच फरक. पलीकडच्या काठावरही तेच चालले होते. शेवटी ओढा सरीएवढा उरला.

२०१९ च्या सप्टेंबरात कऱ्हेला मोठा पूर आला. त्या रात्री ओढाही सातबारा न दाखवता आमच्या उसात शिरला आणि सगळे तास व्याजासकट वसूल करून गेला. चला, हिशेब मिटला, असे मी म्हणणार होतो. सकाळी खाली गेलो, तर काठावरच्या एका म्हातारीची शेळी वाहून गेलेली. तिने ओढ्याचा एक तासही कधी घेतला नव्हता. मला म्हणाली, "देवाची करणी, दादा." मी मान हलवली. तेवढी एक मान हलवल्याची लाज उसाच्या नुकसानीपेक्षा मोठी निघाली. शेळी मी घेऊन दिली. कशाबद्दल, ते मात्र सांगवले नाही.

यंदा नांगरताना काठाचे चार तास सोडले. संध्याकाळी पलीकडून हाक आली,

"दादा, ती पट्टी तुम्हाला नकोच असंल, तर…"