विद्येचे मोल आणि तासाचा दर

विद्या शिकवण्याबद्दल पैसे घ्यावेत का, आणि घेतले तर कशाचे, हा धर्मशास्त्रातला जुना प्रश्न आहे. दिल्ली परिसरातल्या विद्यापीठांत तो तासाप्रमाणे कायदा शिकवणाऱ्या ‘गेस्ट’ शिक्षकाच्या मासिक बिलात दडलेला असतो. महाराष्ट्रात अशा शिक्षकाला तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक किंवा नुसते ‘सीएचबी’ म्हणतात. त्याला मिळणाऱ्या पैशाला कागदोपत्री पगार नव्हे, ‘मानधन’ असा शब्द आहे. मान आणि धन यांचा हा समास कोणाच्या बाबतीत खरा ठरतो, हे पाहिले की मूळ प्रश्नही सुटा होतो.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शिकवणाऱ्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. उपनयन करून कल्प आणि रहस्यांसह संपूर्ण वेद शिकवतो तो आचार्य. वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगे उपजीविकेसाठी शिकवतो तो उपाध्याय. म्हणजे विषयाचा एक अंश आणि पोटासाठी काम या दोन्ही खुणा उपाध्यायाच्या व्याख्येतच आहेत. आजच्या अर्धवेळ शिक्षकाचे वर्णन याहून फार वेगळे करता येणार नाही. उपाध्यायाचे स्थान आचार्याच्या खालचे असले तरी ते मानाचेच होते. उपाध्ये, पाध्ये या आडनावांत त्याची आठवण अजून टिकून आहे.

निंदा आहे ती ‘भृतकाध्यापका’ची. भृती म्हणजे मजुरी. मजुरी घेऊन शिकवणाऱ्याला आणि ती देऊन शिकणाऱ्यालाही श्राद्धाला बोलावू नये, असे मनुस्मृती सांगते. याज्ञवल्क्यस्मृती या व्यवहाराची गणना उपपातकांत करते. पण गुरुदक्षिणेला शास्त्राची ना नाही. शिक्षण पुरे झाल्यावर शिष्याने आपल्या ऐपतीप्रमाणे गुरूला काही द्यावे, हे मनूलाही मान्य आहे. मग दोष नेमका कशात? टीकाकारांच्या मते तो आधी ठरवलेल्या सौद्यात आहे. ‘इतके देशील तर इतके शिकवीन’ असे म्हणताच विद्या मापात येते आणि ज्याच्याकडे ते माप नाही त्याच्यासाठी दार बंद होते. पैसा आधी ठरला की मजुरी आणि शेवटी स्वेच्छेने आला की दक्षिणा, असा हा भेद आहे.

हा भेद पाळता आला, कारण गुरूच्या पोटाची सोय दुसरीकडून होत होती. राजे अग्रहार देत, भूमिदाने करत. पेशवाईत पुण्याला श्रावणात दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर त्याच निधीतून पुढे दक्षिणा फेलो नेमले गेले. विद्वानाचे पोट आधी भरायचे आणि मग त्याच्याकडून विनामोल विद्येची अपेक्षा करायची, अशी ही रीत होती.

या रीतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. शिष्य कोणाला करायचे हे गुरू ठरवी आणि जात पाहूनच ठरवी. शूद्रांना आणि स्त्रियांना वेदाध्ययनाचे दार बंद होते. पगारी शिक्षकाला ही निवड करता येत नाही. वर्गात जो बसला आहे त्याला शिकवणे त्याला भागच असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापक होते. १९२८ मध्ये ते शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये तिथलेच प्राचार्य. दक्षिणेच्या जगाने ज्याला शिष्य म्हणूनही घेतले नसते, तो पगाराच्या जगात कायद्याचा शिक्षक झाला. भृतीने विद्या हलकी होते असे म्हणताना तिने उघडलेले हे दारही मोजावे लागते.

हाच वाद ग्रीस आणि रोममध्येही झाला. सॉक्रेटिस शिकवण्याचे पैसे घेत नसे, सोफिस्ट घेत. प्लेटोच्या संवादातला प्रोटागोरस एक मधला मार्ग सांगतो: शिष्याला फी जास्त वाटली तर त्याने देवळात जाऊन शपथेवर त्या शिक्षणाची किंमत सांगावी आणि तेवढीच द्यावी. रोमन विधिज्ञ उल्पियनने तर थेट कायद्याच्या शिक्षकांचाच विचार केला. कायद्याचे ज्ञान अतिपवित्र आहे, नाण्यांत त्याची किंमत करू नये, म्हणून या शिक्षकाला फीसाठी दावा लावता येणार नाही, असा त्याचा निर्णय आहे. काही गोष्टी स्वीकारणे सन्मानाचे असते, पण त्या मागणे नसते, हे त्यामागचे तत्त्व. मनूच्या टीकाकारांचे म्हणणे याच्या फार जवळचे आहे. अडचणही तीच: ज्याला मागता येत नाही, त्याचे घर दुसऱ्या कशावर तरी चाललेले असावे लागते.

भारतातल्या कायद्याच्या शिक्षणाने हे गृहीत बराच काळ निभावून नेले, कारण शिक्षक बहुधा वकील असे. दिल्ली विद्यापीठात विधी शाखा १९२४ मध्ये सुरू झाली. तिथे संध्याकाळच्या वर्गांची परंपरा मोठी आहे. तीस हजारी न्यायालयातले काम आटोपून काश्मिरी गेटला मेट्रो बदलली की वकील थोड्याच वेळात विश्वविद्यालय स्थानकावर उतरतो. पण वकिली करणाऱ्याला दुसरे काम करू द्यावे का? महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलविरुद्ध एका डॉक्टरने लढवलेल्या हनीराज चुलानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की वकिलीला पूर्ण लक्ष लागते, तिच्या जोडीला दुसरा व्यवसाय चालणार नाही. अध्यापनाला मात्र १९७९ च्या केंद्रीय नियमांनी मुभा दिली आहे. वकिलाने दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवला तर ती नोकरी अर्धवेळच समजली जाते. तिला नाव कोणते दिले आणि मोबदला कसा दिला, याने फरक पडत नाही. कायदा शिकवणे हा वकिलीला आलेला फाटा नसून तिचाच एक भाग आहे, असा या सवलतीचा अर्थ लावता येतो.

धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे याच परंपरेतले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत असताना १९१७ पासून काही वर्षे ते शासकीय विधी महाविद्यालयात कायदा शिकवत होते. पुढे राज्यसभेचे सदस्य म्हणून ते दिल्लीत आले आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. भृतकाध्यापकाविषयीची वचने ज्यांनी तपासली, ते स्वतः वेतन घेऊन शिकवत होते. अशा माणसाला मिळणारा पैसा मानधन या नावाला पात्र आहे, कारण त्याची चूल त्यावर अवलंबून नसते.

आज त्याच बाकावर दुसराही एक शिक्षक बसलेला असतो. त्याने एलएलएम केलेले असते, नेट दिलेली असते, सनद घेतलेली नसते किंवा वकिलीत जम बसलेला नसतो. तासाचे पैसे हेच त्याचे उत्पन्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अतिथी शिक्षकाला एका व्याख्यानाचे १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये मिळतात. हिशोब करून पाहावा: ३३ व्याख्यानांचे ४९,५०० होतात, चौतिसाव्याला ५०० मिळतात, पस्तिसाव्यापासून काहीच नाही. पहिल्या तेहतीस तासांत तो शास्त्राने निंदलेला भृतकाध्यापक असतो आणि पस्तिसाव्या तासाला नाइलाजाने विद्यादाता होतो. तयारीचा वेळ, वर्ग सुटल्यावर दारात थांबलेल्या विद्यार्थ्याची शंका, उन्हाळ्याची सुट्टी यांना त्या दरात जागा नाही.

इथे शास्त्राची दोन्ही तत्त्वे एकदम मोडतात. सौदा आधी ठरतो आणि तासाला मोजला जातो, म्हणून ही दक्षिणा नव्हे. मजुराला मिळणारी कामाची खात्री आणि हक्क नसतात, म्हणून ही धड मजुरीही नव्हे. ‘मान’ हा शब्द फक्त हक्क नाकारण्याच्या कामी येतो. गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. गुरूला ब्रह्मा-विष्णू म्हणणारा श्लोक समारंभांत म्हणून भागत नाही, राष्ट्र शिक्षकाला कसे वागवते यात तो दिसला पाहिजे, असे सांगून न्यायालयाने त्यांना वेतनश्रेणीतले किमान वेतन देण्याचा आदेश दिला. ते शिक्षक पूर्णवेळ काम करत होते, त्यामुळे तो आदेश तासिकेवरच्या प्रत्येकाला आपोआप लागू होत नाही. त्यातला विचार मात्र लागू होतो.

विद्येची किंमत करता येत नाही, हे मनूचे टीकाकार आणि उल्पियन यांचे म्हणणे खरे मानले तरी त्यातून शिक्षकाच्या वेळेची किंमत करू नये, असे निघत नाही. वेतन विद्येचे नसते. ती देणाऱ्याच्या दिवसाचे असते. म्हणून अर्धवेळ शिक्षक नेमताना आधी विचारायचा प्रश्न त्याच्या पात्रतेचा नसून त्याच्या उपजीविकेचा आहे. ज्याची उपजीविका न्यायालयात आहे त्याला मानधन द्यावे. ज्याची वर्गातच आहे त्याला वेतन द्यावे आणि त्याला वेतनच म्हणावे.