शौच आणि अहिंसा

बिद्री हे दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातील, साखर कारखान्याचे गाव. फोंडा घाट उतरला की कोकणचा समुद्र लागतो, पण येथल्या नद्या त्याच्याकडे पाठ फिरवून कृष्णेला मिळण्यास पूर्वेकडे निघतात. अशा ठिकाणी तलावात कोंडलेल्या डॉल्फिनसारख्या समुद्री जीवाच्या पाण्याचा विचार मनात यावा, याला कारण नदीतले मासे. उसाच्या मुलखात कोठे मळीमिश्रित पाणी प्रवाहात उतरले, तर त्यातील प्राणवायू सरतो, मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात, आणि कोणत्याही दाखल्यावाचून काठावरच्या गुराख्याला पाण्याची प्रत कळते. डॉल्फिन हा मात्र फुप्फुसांनी हवा घेणारा सस्तन प्राणी. तलाव बिघडला तरी तो माशासारखा गुदमरत नाही, बिघाड त्याच्या डोळ्यांना, त्वचेला आणि भक्ष्याबरोबर पोटात गेलेल्या घोटातून मुकाट्याने बाधतो. म्हणून तेथे साक्ष नोंदवहीने द्यावयाची. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे पाण्याचा सामू व त्यात घातलेली द्रव्ये रोज तपासावी लागतात, आणि त्या प्राण्याच्याच विष्ठेतून वाढणारे कोलिफॉर्म जंतू आठवड्यास निदान एकदा मोजून 100 मिलिलिटरमागे 1000 च्या आत राखावे लागतात. समुद्र जे विनासायास करतो ते तलावात गाळण्या, ओझोन व क्लोरीन यांजकडून करवून घ्यावयाचे. आणि जंतू मारणारा तोच क्लोरीन अंमळ अधिक पडला तर प्राण्याचे डोळे जाळतो.

हा सर्व बंदोबस्त म्हणजे शौचच, आणि शौचाची थोरवी मला मान्य आहे. परंतु पतंजलींनी योगसूत्रांत नियमांमध्ये शौचाला अग्रस्थान दिले ते यम सांगून झाल्यावर, आणि यमांत पहिली अहिंसा; हा क्रम मला आकस्मिक वाटत नाही. ध्वनीच्या प्रतिसादावरून दूरचा पल्ला जाणणाऱ्या जीवाला चार भिंतींत कोंडले, की ते पाणी स्फटिकवत् राखूनही कोंडणाऱ्याचे शौच त्या हिंसेला जामीन राहू शकत नाही. 1998 मध्ये चेन्नईजवळ खेळांसाठी आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले. पुढे 17 मे 2013 रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने अशा प्रकल्पांना मंजुरी न देण्याचे परिपत्रक काढले, ते मला धर्मसंमत वाटते.

तरी अन्य देशांत तलावातच जन्मलेले, समुद्रात स्वतःचे भक्ष्य धरण्यास न शिकलेले जीव आजही आहेत. त्यांना एकाएकी लाटांत लोटणे ही पुन्हा हिंसाच. त्यांच्यापुरती, रोज सकाळी तलावात बाटली बुडवून नमुना घेणारा आणि त्याचा आकडा प्रामाणिकपणे वहीत मांडणारा जो कोणी असेल, त्याच्या हातून घडणारे शौच मला अहिंसेपासून निराळे करता येत नाही.