काळ मागे फिरला तर?



हॅरी पॉटरच्या तिसऱ्या पुस्तकात (१९९९) हर्मायनीला सर्व तासांना बसता यावे म्हणून काळ मागे फिरवणारे यंत्र मिळते. त्याच यंत्रामुळे शेवटी सिरियसचे प्राण वाचतात. चाणाक्ष मुले लगेच विचारतात, मग हॅरीचे आईवडील का नाही वाचवले? पाचव्या पुस्तकात (२००३) मंत्रालयातील अशी यंत्रे फुटतात. प्रश्न मात्र उरतोच.

तो आपलाही प्रश्न आहे. आईला बोललेला कठोर शब्द, वाटणीवरून भावाशी धरलेला अबोला पुसता आला तर! १३व्या शतकातील संत थॉमस अक्वायनस म्हणतात, घडलेले घडलेच नाही असे करणे हे सर्वसमर्थ देवाच्याही सामर्थ्याचा विषय नाही, कारण त्यात विसंगती आहे.

मग क्षमा कशी होते? पेत्राने प्रभू येशूला तीनदा नाकारले. पुनरुत्थित प्रभूने ती रात्र पुसली नाही. त्याने पेत्राला तीनदाच प्रेमाविषयी विचारले आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवली. नकार तसाच राहिला, पण पेत्राची गोष्ट तिथे संपली नाही.

भावाचे दार ठोठवायला यंत्र लागत नाही. आज मिस्सानंतर त्याच्याकडे जाऊ या.