आकडा कशाचा?

प्रोग्रामिंग शिकायला आलेली मुलं ‘इंट वय’ ही ओळ बिनदिक्कत स्वीकारतात. वय म्हणजे पूर्ण संख्या, विषय संपला. पण ‘विद्यार्थी पहिला’ अशी ओळ फळ्यावर आली की हात वर होतात. विद्यार्थी हा क्लास तर आपणच आत्ता लिहिला. तो इंटच्या जागी कसा येऊन बसला? मला हा प्रश्न फार आवडतो. भाषेने दिलेल्या टाइपांच्या पंगतीत आपण घडवलेला टाइपही मानाने बसतो, हे पचायला वेळ लागतो, आणि लागावा.

ही सोय ओस्लोत, ओले-योहान दाल आणि क्रिस्टन निगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत आकाराला आली. खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल त्यांना संगणकावर करायची होती. पुलावरचा टोलनाका आणि तिथे लागलेली ट्रक-बसगाड्यांची रांग, असं एक उदाहरण त्यांच्यापुढे होतं. ट्रक नुसत्या आकड्यांत मांडायचा म्हणजे त्याचं वजन एकीकडे, पोचण्याची वेळ दुसरीकडे, आणि हे सगळं एकाच ट्रकचं आहे हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात. क्लास आला आणि ते प्रोग्राममध्येच लिहिता येऊ लागलं.

मुलं आणखी एका जागी अडखळतात. जावात ‘विद्यार्थी पहिला’ एवढंच लिहिलं तर एकही विद्यार्थी तयार होत नाही. तयार होते ती विद्यार्थ्याकडे बोट दाखवू शकणारी जागा. ‘न्यू’ लिहिल्यावर मेमरीत खरा ऑब्जेक्ट उभा राहतो. पुढे ‘दुसरा = पहिला’ केलं तर विद्यार्थी दोन होत नाहीत, एकाच विद्यार्थ्याकडे दोन व्हेरिएबल बोट दाखवू लागतात. दुसऱ्याचे गुण बदला, पहिल्याचेही बदललेले दिसतील. इंटमध्ये असं होत नाही, तिथे आकड्याची प्रत जाते. हे वहीत चौकोन आणि बाण काढूनच समजतं.

पण टाइप स्वतः घडवायचा कशासाठी? हजेरी क्रमांक इंट, गुणही इंट. दोन्ही घेणाऱ्या मेथडला ते उलट क्रमाने दिले, तर कंपायलर हूं की चूं करत नाही. ३७ क्रमांकाच्या मुलीला ८२ गुण द्यायचे असतात, आणि ८२ क्रमांकाच्या मुलाला ३७ मिळून जातात. गुण हा वेगळा क्लास केला, की प्रोग्राम चालण्याआधीच कंपायलर त्या ओळीवर अडून बसतो. शिवाय शंभरपैकी १४० गुण कुणी देऊ लागलं, तर कन्स्ट्रक्टरच नकार देऊ शकतो.

नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी हरवलं. पृथ्वीवरच्या एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले, आणि घेणाऱ्यांनी ते न्यूटन-सेकंदांत आहेत असं धरलं. फरक जवळपास साडेचार पटींचा. यान ठरल्यापेक्षा खूप खाली, वातावरणात शिरलं. आकडे खोटे नव्हते, हेच मला जास्त लागतं. ते कशातले आहेत, एवढं त्यांच्यासोबत गेलं नाही. वेगळा टाइप असता तर यान वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही, कारण आकडे फाइलमधून गेले आणि फाइलपाशी कंपायलरची हद्द संपते. पण आवेग हा क्लास असता, तर आकडा आत घालताना आणि बाहेर काढताना, दोन्ही वेळा एकक सांगावं लागलं असतं. पाउंडांत घातलेला आवेग फाइलमध्ये न्यूटनांत उतरवण्याचा तो एक गुणाकार मग कुणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून राहिला नसता.