श्वेतकेतूचा उपवास आणि आपलं ताट



आजचं चिंतन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ६, खंड ७

सत्संगात एक प्रश्न नेहमी येतो. देह नाशवंत आहे, मग जेवणात प्रोटीन किती, लोह किती हे बघत बसणं म्हणजे देहातच अडकणं नाही का? पानात पडेल ते प्रसाद म्हणून खावं आणि नामाला लागावं, एवढं पुरे नाही का?

प्रश्न प्रामाणिक आहे. आणि उद्दालक ऋषींनी त्याचं उत्तर थेट प्रयोग करूनच दिलंय.

त्यांचा मुलगा श्वेतकेतू १२ व्या वर्षी गुरूकडे गेला आणि २४ व्या वर्षी सगळे वेद शिकून घरी आला. वडील त्याला म्हणाले, १५ दिवस काही खाऊ नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. त्यानंतर त्याला ऋचा म्हणायला सांगितल्या, तर एकही आठवेना. वडील म्हणाले, जा, जेवून ये. तो जेवून आला आणि विचारलं ते सगळं सांगू लागला. मोठा अग्नी विझत विझत काजव्याएवढा निखारा उरावा, त्याने काही जळत नाही. पण त्यावर थोडं गवत घातलं की तो पुन्हा पेटतो. तसंच मनाचं आहे, असं उद्दालक समजावतात. मन अन्नातूनच घडतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर श्वेतकेतूचा डेटा जागेवरच होता, पॉवर गेली होती. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला जवळपास २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. ध्यानाला बसल्यावर डोळे मिटतात ते दर वेळी वैराग्याने मिटतात असं नाही!

आता, उपनिषदात व्हिटॅमिन्स सांगितली आहेत असा दावा मी करणार नाही. ऋषींचा मुद्दा वेगळा आणि जास्त खोल आहे : साधना ज्या मनाने करायची, ते मन अन्नावर उभं आहे. अन्नात नेमकं काय लागतं, हे आज आपल्याला जास्त तपशिलात माहीत आहे, एवढंच.

पोट भरणं आणि पोषण होणं या दोन गोष्टी आहेत. प्रथिनं बनतात अमिनो आम्लांपासून, आणि त्यातली ९ शरीराला बाहेरूनच घ्यावी लागतात. भातात लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते भातात बऱ्यापैकी. म्हणून वरण-भात ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. वर लिंबू पिळलं की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं, पालेभाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. तूप घातलं की अ, ड, ई, के ही स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वं शरीराला घेता येतात. उलट जेवणाला लागूनच चहा घेतला, तर लोह कमी शोषलं जातं.

आपल्यातले बरेच जण शाकाहारी आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्टच सांगतो. बी-१२ हे जीवनसत्त्व धान्य, डाळी, भाज्यांत जवळजवळ नसतंच. शाकाहाऱ्याला ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळतं. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं. अशा वेळी जप वाढवण्याआधी रक्त तपासून घ्यावं आणि डॉक्टरांनी सांगितलं तर गोळी घ्यावी. त्याने श्रद्धेला काही बाधा येत नाही.

मग उपवास करायचा नाही का? जरूर करायचा. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती शेंगदाण्याच्या कुटाची. त्याऐवजी राजगिरा, दही, फळं घेतली तर उपवासही होतो आणि ताकदही राहते. गीतेच्या ६ व्या अध्यायात (श्लोक १६-१७) भगवंत सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. १७ व्या अध्यायात (श्लोक ५-६) तर ते आणखी कडक बोलतात : दंभाने शरीराला छळणारे लोक आत बसलेल्या मलाच छळतात.

इथेच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. कारण देव फक्त माझ्याच देहात बसलेला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या ५ व्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. याला कारणं अनेक आहेत, पाळीतला रक्तस्राव आहे, बाळंतपणं आहेत. पण "सगळ्यांचं झालं की मग मी बसते" ही आपल्या घराघरातली रीतही आपण विसरू नये. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला भात उरतो, डाळ आणि भाजी संपलेली असते. या रीतीला आपण त्याग म्हणून हात जोडतो आणि मोकळे होतो.

गीता ३.१३ म्हणते, जो फक्त स्वतःसाठी शिजवतो तो पाप खातो. माझ्या मते याचाच पुढचा अर्थ असा : जिने शिजवलं तिचा वाटा न ठेवता जो खातो, त्याचं जेवण तरी यज्ञ कसं ठरेल? १५.१४ मध्ये भगवंत म्हणतात, प्रत्येकाच्या पोटातला अग्नी मीच आहे. मग देवघरात नैवेद्य दाखवायचा आणि ओट्याजवळच्या त्याच अग्नीला उरलंसुरलं द्यायचं, हे बसतं का गणितात?

दुसरं टोकही बघूया. दिवसभर ॲपवर ग्रॅम मोजत बसलो, आणि स्वतःच्या शेकपलीकडे काही दिसलंच नाही, तर तीही देहासक्तीच. कसोटी सोपी आहे : पोषणाचा हा विचार मला सेवेकडे नेतोय की आरशाकडे?

आजचा संकल्प : रात्री जेवायला बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या पानात वरण, भाजी, दही आहे ना ते बघा. जिने किंवा ज्याने स्वयंपाक केला, त्यांचं पान आधी वाढा. एकटे राहत असाल तर स्वतःसाठी नीट एक वरण तरी शिजवा. आत बसलेला पाहुणा मोठा आहे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.