गर्भस्थाचा हिस्सा

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या कामठ्याच्या घरात, देवघराच्या वरच्या फळीवर, पत्र्याची एक पेटी आहे. मालगुजारीच्या काळातील पावत्या, खसऱ्याच्या नकला, घेतल्या-फेडल्या कर्जांचे कागद असा तीन पिढ्यांचा संसार तिच्यात घडी घालून ठेवलेला असून, त्या सर्वांच्या तळाशी एका वाटणीपत्राची नक्कल आहे. तीन भावांची ती वाटणी. धाकटा भाऊ ऐन रोवणीच्या दिवसांत तापाने गेला होता आणि मागे राहिलेली त्याची पत्नी गरोदर होती. पंचांनी थोरल्या दोघांचे हिस्से ठरवून दिले, बैल वाटले, भांडी वाटली, आणि मग तलावाच्या पाळीखालची, पाण्याला सर्वांत जवळची अशी एक बांधी, म्हणजे धानाचे बांध घातलेले शेत, बाजूस काढून ती ‘गर्भस्थाचा हिस्सा’ म्हणून लिहिली. मूल जाणते होईपर्यंत तिची वहिवाट थोरल्या भावाने करावी, पिकाचा जमाखर्च निराळा ठेवावा, आणि तोवर ती कोणी विकू वा गहाण टाकू नये, असेही खाली नमूद केले. कागदावर दोघांचे अंगठे आहेत आणि पंचांच्या सह्या आहेत. गर्भस्थाच्या बाजूने कोणाचीच निशाणी नाही. ती असणार तरी कशी?

गेल्या श्रावणात त्याच बांधीत मी धानाला युरिया देत होतो. कडुलिंबाच्या तेलाचा लेप दिलेले ते पांढरे दाणे दमट हवेत तळहाताला चिकटतात, आणि विरघळता विरघळता बोटांना चांगलाच गारवा देतात. हा अनुभव या भागातील प्रत्येक शेतकऱ्याला आहे. तो गारवा हाताला लागत असताना, हे दाणे मुळात कशाचे, हा प्रश्न मनात आला आणि पुढे कित्येक दिवस गेला नाही. कारण युरिया हा मूलतः भूगर्भातील वायूपासून बनतो. त्या वायूतून हायड्रोजन निराळा काढावयाचा, हवेतील नत्राशी प्रचंड दाबाखाली व उष्णतेत त्याचा संयोग घडवून अमोनिया करावयाचा, आणि त्या अमोनियाचा पुढे युरिया करावयाचा, अशी ती प्रक्रिया आहे. रायगड जिल्ह्यातील थळ येथील खतकारखाना १९८५ च्या सुमारास उभा राहिला तो मुंबईच्या समुद्रातील वायूच्या भरवशावरच; आणि आता तो वायू पुरत नसल्याने कतारहून द्रवरूप वायूची जहाजे गुजरातेतील दहेजला येतात. समुद्रापासून इतक्या दूर, तलावांच्या या प्रदेशात, ज्याने आयुष्यात एकदाही समुद्र पाहिला नाही अशा माणसाच्या ताटातील भातात अरबी समुद्राच्या तळाचा अंश आहे. ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते. खरा खर्च त्याच्या कितीतरी पट असून उरलेली रक्कम सरकार अनुदानरूपाने भरते. म्हणजे ज्या धनाविषयी मी लिहीत आहे ते माझ्याही हातून गेलेले आहे. हा प्रश्न मी तिऱ्हाईताच्या नात्याने विचारीत नाही.

ते धन आपल्याला कसे मिळाले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली. तेव्हाचे केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांच्या आग्रहामुळे, आपल्या भूमीत तेल नाहीच असे सांगणाऱ्या परदेशी मताला न जुमानता, शोध चालू राहिला. आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, ‘सागर सम्राट’ या जहाजाच्या छिद्रकाला समुद्रतळाखालच्या चुनखडकात तेल लागले. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी वसईचे मोठे वायुक्षेत्रही सापडले. तेल निर्यातदार राष्ट्रांनी १९७३ च्या अखेरीस तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरांवरून बारा डॉलरांच्या घरात नेला होता, आणि परकीय चलनाची चणचण असलेल्या या देशाला ते ओझे पेलवत नव्हते. अशा वेळी स्वतःच्या समुद्रात तेल निघावे, ही घटना त्या पिढीला ईश्वरी कृपेसारखी वाटली असल्यास नवल नाही. परंतु याच कृपेच्या आरंभकाळात, वायू किनाऱ्यावर आणण्यास पुरेसे नळ नसल्याने, तेलाबरोबर वर येणारा वायू वर्षानुवर्षे समुद्रावरच पेटवून दिला जात होता. कोट्यवधी वर्षे खडकात जपलेली वस्तू रात्रंदिवस आभाळात जळत होती. त्या ज्वालांचा विचार मनात आला की मला आजही अस्वस्थ वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. भूमीच्या उदरात सापडलेले हे धन धर्मदृष्ट्या कोणत्या जातीचे? आपल्या स्मृतिकारांनी धनाचे प्रकार बारकाईने वेगळे केले आहेत. जमिनीत अकस्मात सापडलेले पुरातन द्रव्य म्हणजे निधी. त्यात आणि खनिज धातूंत राजाचा अर्धा वाटा, कारण तो रक्षणकर्ता व भूमीचा अधिपती, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. दुसऱ्याने विश्वासाने ठेवावयास दिलेले द्रव्य म्हणजे निक्षेप. तो ठेवून घेणाऱ्याने त्याचा उपभोग घेणे हा अपराध, आणि मालक मागेल तेव्हा तो परत देणे हे कर्तव्य. आपल्या संविधानाच्या २९७ व्या अनुच्छेदाने समुद्रतळाखालील सर्व खनिजे संघराज्याच्या स्वाधीन केली, तेव्हा वरवर पाहता त्याने निधीचाच न्याय स्वीकारला असे दिसते. तथापि मे २०१० मध्ये, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूच्या वादात निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाने वायू ही राष्ट्राची संपत्ती असून सरकार ती जनतेसाठी विश्वस्त म्हणून धारण करते, अशी भूमिका घेतली. आणि विश्वस्त हा शब्द आला की आपण निधीच्या प्रकरणातून निघून निक्षेपाच्या प्रकरणात प्रवेश करतो. मग ठेव ठेवणारा कोण, आणि ती परत मागणारा कोण?

माझ्या मते याचे उत्तर निधीच्या प्रकरणातही नाही आणि निक्षेपाच्याही नाही. ते दायभागाच्या, म्हणजे वारशाच्या वाटणीच्या, प्रकरणात आहे, आणि आमच्या पेटीतील कागद त्याचाच एक लहानसा नमुना आहे. विज्ञानेश्वराने अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने ‘मिताक्षरा’ लिहिली. त्या ग्रंथाने स्वकष्टार्जित व वडिलोपार्जित हा जो भेद रूढ केला, तो आज खेड्यातल्या निरक्षर म्हातारीच्याही तोंडी आहे. स्वतःच्या घामाचे आहे ते बापाने वाटेल त्याला द्यावे. वाडवडिलांकडून आले त्यात मात्र पोराचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. विज्ञानेश्वर याहीपुढे जातो. जे जन्मले, जे गर्भात आहेत आणि जे अद्याप जन्मलेच नाहीत, त्या सर्वांना उपजीविकेची अपेक्षा असते, म्हणून स्थावराचे दान वा विक्रय करू नये, अशा आशयाचे स्मृतिवचन त्याने आधारास घेतले आहे. हे वाक्य ज्या कोणी प्रथम उच्चारले, त्याच्या दृष्टीचा पल्ला पाहून मन नम्र होते. समुद्राखालचे तेल आपल्यापैकी कोणी निर्माण केलेले नाही. आपण छिद्र पाडले, नळ टाकले, शुद्धीकरण केले. या श्रमाचा मोबदला खुशाल स्वकष्टार्जित म्हणावा. पण खुद्द तेल वडिलोपार्जित आहे, आणि ज्यांच्याकडून ते आले ते वडील मनुष्यजातीच्याही आधीचे आहेत.

यावर असा आक्षेप येतो की, जो अस्तित्वातच नाही त्याला हक्क कसला? हा आक्षेप उथळ नव्हे. परंतु आपल्या नैयायिकांनी अभावाचेही प्रकार केले आहेत. सशाच्या शिंगासारखी गोष्ट कधीच नव्हती आणि कधी होणारही नाही. मातीच्या गोळ्यात घट दिसत नाही तो मात्र प्रागभाव होय, ज्याला आरंभ नाही पण अंत आहे, आणि घट उत्पन्न होताच तो संपतो. पुढची पिढी आज नाही, ती या दुसऱ्या अर्थाने नाही. तिचे नाव ठाऊक नाही, संख्या ठाऊक नाही, पण ती येणार हे पावसाइतके निश्चित आहे. आणि जिचे येणे निश्चित आहे तिच्या ताटातले आज खाऊन टाकताना, ती नव्हतीच, हे कारण पुरे पडत नाही. आमच्या पंचांना न्यायशास्त्र ठाऊक नव्हते. त्यांनी बांधी बाजूला काढली.

तरीही मिताक्षरा कठोर नाही. आपत्काल, कुटुंबाचे पोषण आणि धर्मकार्य या तीन कारणांसाठी वडिलोपार्जित स्थावरही गहाण टाकण्याची वा विकण्याची मुभा ती देते. या तीन मापांनी आपला तेलाचा जमाखर्च तपासून पाहावा असे मला वाटते. १९७३ नंतरची टंचाई हा आपत्काल होता. १९९१ सालीही होता. आखाती युद्धाने तेलाचे बिल फुगले, परकीय चलन संपत आले, आणि सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे गहाण ठेवावे लागले, तेव्हा घरचे तेल काढून वापरणे हा अधर्म म्हणता येणार नाही. युरिया हे कुटुंबार्थ आहे. हरितक्रांतीपूर्वीची उपासमार ज्यांनी भोगली त्यांच्यापुढे वायू वाचविण्याची भाषा करण्याचे धैर्य मला नाही. चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या बायका आमच्या गावात होत्या. त्यांच्या लेकीसुनांपर्यंत गॅसचे सिलिंडर पोहोचले हे तर मी धर्मकार्यच समजतो. परंतु या तीन रकमा वजा केल्यावर जी प्रचंड बाकी उरते, रिकाम्या मोटारींच्या रांगा आणि एका दिवसात फेकल्या जाणाऱ्या वस्तू, ती कोणत्या सदरात लिहावी, हे मला सापडत नाही.

बाजाराचे जाणकार यावर एक गंभीर युक्तिवाद करतात. सूर्य, वारा व विद्युत्घट यांचे युग येत आहे. आज जमिनीत राखून ठेवलेले तेल उद्या कवडीमोल ठरेल. तेव्हा आत्ताच काढून विकणे यातच वारसांचे हित आहे. भावांचा इतिहास त्यांना काहीसा अनुकूल आहे: जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलरांपर्यंत चढलेले तेल, २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या वायदेबाजारात शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरांवर घसरले. मात्र भारताच्या बाबतीत ही भीती अद्याप दूरची आहे. आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आपण बाहेरून आणतो, घरचे उत्पादन २०११-१२ च्या ३८ दशलक्ष टनांवरून उतरून ३० दशलक्ष टनांच्याही खाली आले आहे, आणि एकूण ऊर्जेत वायूचा वाटा जेमतेम सहा टक्के असताना तो पंधरावर नेण्याचा संकल्प सरकारने सोडला आहे. अशा देशात घरच्या तेलाला व वायूला गिऱ्हाईक मिळणार नाही असे दिवस लवकर येतील असे मला दिसत नाही. तरी त्या युक्तिवादातील सत्यांश मी मान्य करतो. ठेव त्याच रूपाने परत दिली पाहिजे असे नाही. बापाने पडीक रान विकून विहीर बांधली तर मुलगा तक्रार करीत नाही.

तो तक्रार करतो ती विहीर न बांधल्याची. नॉर्वे या देशाने १९९० साली कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा निराळा निधी उभारला, १९९६ साली त्यात पहिली रक्कम भरली, आणि पुढे असा दंडक घालून घेतला की दरवर्षी त्या निधीच्या अपेक्षित वाढीइतकेच, पूर्वी चार आणि आता तीन टक्के, खर्च करावे. हे राष्ट्र मिताक्षरा वाचून वागले नसेल, पण वागले मिताक्षरेप्रमाणे. आपल्याकडे १९७४ च्या अधिनियमान्वये कच्च्या तेलावर उपकर बसविला गेला. तो देशाच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि इतर महसुलात मिसळून जातो. गरीब व मोठ्या देशाला सगळेच राखून ठेवता येत नाही, हे मला कळते. पण मूळ किती होते, त्यातले किती खर्चले आणि त्याच्या बदल्यात काय उभे केले, याची निराळी खतावणी सामान्य नागरिकापुढे ठेवलेली मी पाहिली नाही. आणि जेथे मूळ व उत्पन्न एकाच रकान्यात लिहिले जाते तेथे घर बुडते, हे आमच्याकडचा कोणताही जुना कारभारी सांगेल.

आमच्या बांधीला पाणी देणारा तलाव या भेदाचे रोज दर्शन घडवितो. कामठा ही जुनी जमीनदारी. १८१८ साली येथील चिमणा पटेलाने इंग्रजांशी झुंज घेतली आणि तो पराभूत झाला, मालक बदलले, १९५१ साली मालगुजारीच नष्ट झाली आणि तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’ म्हणजे लोकांच्या बोलीत ‘मामा तलाव’ झाले. सनदा गेल्या, पाणी राहिले, कारण ते दर आषाढात पुन्हा येते. गीतेतील यज्ञचक्राचा विचार, पर्जन्यापासून अन्न आणि अन्नापासून पुन्हा अर्पण, या तलावाला तंतोतंत लागू पडतो: गाळ काढावा, पाळ राखावी, आणि निःशंक मनाने पाणी घ्यावे. तेलाचे चक्र मनुष्याच्या काळात फिरत नाही. तेथे घेतलेले परत येत नाही, म्हणून तेथे केवळ कृतज्ञता पुरत नाही. पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास बैलही न वापरता ऋषिशेती आरंभिली, त्या प्रयोगाविषयी मला नितांत आदर आहे; पण ती वाट साऱ्या गावाला चालवणार नाही, हेही मी जाणतो. आणि आता तर तांदळापासूनच इथेनॉल करून ते पेट्रोलात मिसळले जाते. वायूचा युरिया, युरियाचा धान, धानाचे पुन्हा इंधन. या फेऱ्यात अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या माणसाने कोठे उभे राहावे, याचा निर्णय माझ्याने अजून झालेला नाही.

त्या वाटणीनंतर चौथ्या महिन्यात मुलगा झाला. मुलगी झाली असती तर त्या काळच्या कायद्याने तिला ती बांधी मिळाली नसती. ही उणीव देशभर भरून निघण्यास २००५ साल उजाडावे लागले, आणि गर्भस्थाचा कैवार घेणाऱ्या शास्त्राने अर्ध्या गर्भस्थांना वगळले होते, हे नमूद केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तो मुलगा म्हणजे माझे वडील. थोरल्या आजोबांनी त्या बांधीचा हिशेब लाल कापडी बांधणीच्या एका वहीत अठरा वर्षे लिहवून ठेवला: इतके खंडी धान आले, इतके बियाण्यास काढले, इतके बाळंतपणास दिले, इतके पाळीच्या दुरुस्तीस, इतके शाळेच्या पुस्तकांस. दुष्काळाच्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या घरात धान उसने आणल्याची नोंद आहे, आणि ते त्यांनी या बांधीच्याच धानातून घेतले होते. पुढच्या पानावर ते फेडल्याची नोंद आहे, सव्वापट. वहीच्या शेवटच्या पानावर ‘बाकी’ असे लिहून पुढे आकडा घातला आहे, आणि त्याच्या खाली, नुकतेच लिहावयास शिकलेल्या माणसासारख्या जाड अक्षरांत, माझ्या वडिलांची सही आहे: भरून पावलो.